वैनगंगेच्या काठचे नऊ डबे

एखादं काम वर्षभर नीट केलं तर त्यातून एखादाच किस्सा निघतो. तेच काम चुकत चुकत केलं, की पोतं भरतं. आमचं पोतं तीन वर्षांत असं भरलंय की आता रविवारी चहाला बसलो की कोणी काय सांगायचं यावरून भांडण होतं. अस्वलाचा किस्सा तर आम्ही चिठ्ठ्या टाकून वाटून घेतो.

तर आधी काम काय ते सांगते.

मी नागभीडला एका शाळेत चित्रकला शिकवते. माझी मावसबहीण कोकणात राहते. तिच्या गटाने समुद्राकाठच्या एका पायवाटेवर डबे लपवले होते. डब्यात एक वही आणि एक रबरी शिक्का. कोड्यासारखी खूण वाचून डबा शोधायचा, डब्यातला शिक्का आपल्या वहीत मारायचा, आपला शिक्का त्यांच्या वहीत मारायचा. बस. याला लेटरबॉक्सिंग म्हणतात. तिने फोनवर फोटो पाठवले आणि मला वाटलं, आपल्याकडे समुद्र नाही, पण वैनगंगा तर आहे. एका काठाला चंद्रपूर जिल्हा, दुसऱ्या काठाला गडचिरोली, मधे वाळू, काळे दगड आणि मोहाची झाडं. आणि शिक्के मी स्वतः कोरू शकते. खोडरबर महाग पडत नाही, आणि जुन्या स्लीपरचा तळ तर फुकट.

मला तीन माणसं मिळाली. रेखा, एसटीत कंडक्टर, रविवारी सुट्टी असली की पायी चालायला निघते, कारण आठवडाभर गाडीत उभी असते. बंडूभाऊ मडावी, नदीपलीकडच्या गावचे, जंगलात वनमजूर म्हणून काम करतात आणि बारा किलोमीटरची ती सगळी वाट त्यांनीच आखून दिली. आणि दिवाकरभाऊ, निवृत्त पोस्टमास्तर.

दिवाकरभाऊंना मी सगळं समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "सगळं समजलं, मॅडम. फक्त एक सांगा. ह्या लेटरबॉक्सची डाक किती वाजता निघते?"

"डाक नसते, भाऊ. नुसता डबा."

"मंग त्याले लेटरबॉक्स काऊन म्हनते जी?"



*

पहिला डबा रंगवण्याचं काम मी दिवाकरभाऊंना दिलं, ही माझी चूक. त्यांनी तो लालभडक रंगवला, वर पांढऱ्या अक्षरात एक नंबर घातला आणि घाटाजवळच्या वडाच्या ढोलीत ठेवला. ढोलीतून त्याचं अर्धं तोंड बाहेर दिसायचं. "लपवायचा होता," मी म्हटलं. ते म्हणाले, "लोकाईले दिसला नाई तर उपयोग काय?"

पंधरा दिवसांनी डबा उघडला तर वहीखाली एक अर्ज. शेवंताबाई नावाच्या एका बाईंच्या रेशनकार्डावर नाव शेवंतराव असं छापून आलं होतं. चार वर्षं त्या दुरुस्तीसाठी फिरत होत्या. रस्त्यात लाल डबा दिसला, त्यांनी अर्ज त्यात टाकला.

"परत नेऊन देऊ त्यांना," मी म्हटलं.

दिवाकरभाऊंनी अर्ज घडी करून खिशात ठेवला. "डब्यात पडलेला कागद परत देत नसते, मॅडम. तो पुढं जाते." दुसऱ्या दिवशी ते स्वतः बसने तालुक्याला गेले, तीन तास बाकावर बसले, आणि कोणाचे काय पाय धरले माहीत नाही, पण महिन्याभरात शेवंतरावांच्या शेवंताबाई झाल्या.

त्यानंतर जे व्हायचं तेच झालं. पुढच्या रविवारी डब्यात सतरा अर्ज. सातबारा, जन्मदाखला, घरकुल, एकाचा जावयाविरुद्ध तक्रारअर्ज. वही तर दबून गेली होती. दिवाकरभाऊंनी सगळे अर्ज गठ्ठा बांधून घेतले. चेहऱ्यावर थोडी भीती होती, पण इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर आधी बघितला नव्हता.

दोन महिने ते बसने तालुक्याला जात-येत राहिले. रेखाच शेवटी म्हणाली, "भाऊ, तुमी रिटायर झाले होते नं?" मग त्यांनी नाइलाजाने डबा काढला, हिरवा रंगवला आणि ढोलीच्या पार आत सरकवला.

पुढच्या रविवारी हिरव्या डब्यात एकच अर्ज होता. विषय: या ठिकाणचा लाल डबा हरवला असून तो शोधून मिळणेबाबत.

*

कासवाचा किस्सा छोटा आहे, पण त्यात माझी नोकरी जायची होती.

तिसऱ्या डब्यासाठी मी कासव कोरलं होतं. चांगलं झालं होतं, पाठीवरच्या चौकटीसुद्धा नीट उमटायच्या. शाई वाळावी म्हणून मी ते मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलं आणि तासाला गेले. परत आले तेव्हा विसरले. मुख्याध्यापकांचा चष्मा त्या आठवड्यात दुरुस्तीला गेला होता. टेबलावर शिक्का दिसला, आलेल्या कागदांवर त्यांनी तो मारला. चार दिवस मारत राहिले.

हे उघड झालं ते तपासणीच्या दिवशी. साहेब आवक कागदांची फाईल चाळत होते. एक पान उलटलं, थांबले. दुसरं उलटलं. मी दाराशी उभी होते, मला तिथूनही कासव दिसलं. मुख्याध्यापकांनाही त्याच वेळी दिसलं, आता चष्मा होता ना. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला.

साहेबांनी अकरा कागद मोजले. अकरा कासवं. मग फाईल मिटवली.

"हे आवक आहे का जावक?"

"आवक, सर," मुख्याध्यापक म्हणाले.

"मग बरोबर आहे. आमच्याकडून तुमच्याकडे कागद याच चालीनं येतात." आणि पुढची फाईल मागितली.

*

आता अस्वल. या वेळी चिठ्ठी माझी निघाली आहे.

सहाव्या डब्याची खूण बंडूभाऊंनी सांगितली आणि मी जशीच्या तशी लिहून काढली: मागच्या साली अस्वल बसलं होतं त्या मोहापासून नदीकडे चाळीस पावलं. मी म्हटलं, "भाऊ, बाहेरच्या माणसाला कसं कळणार?" ते म्हणाले, "गावात विचारते नं. सगळ्यायले माहीत हाये."

नागपूरहून चार जण आले. तीन मुलगे, एक मुलगी, कॉम्प्युटरच्या नोकरीतले. मनगटावर घड्याळं अशी, की पावलंही मोजतात आणि झोपही मोजतात. त्यांनी गावात पहिल्याच माणसाला विचारलं, मागच्या वर्षी अस्वल बसलं होतं ते मोहाचं झाड कुठे आहे?

त्या माणसाने खाटेवर जागा करून दिली आणि विचारलं, "कोनतं अस्वल? माघातलं का फागुनातलं?"

तिथून सगळं बिघडलं. शेजारचा म्हणाला, माघातलं बसलं नव्हतं, ते उभंच होतं. एक म्हातारी म्हणाली, खरं बसलेलं अस्वल तिनं पाहिलं, पण ते मोहाखाली नाही, चारोळीखाली. तिच्या सुनेचं म्हणणं, सासूबाईंना दिसत नाही, तो त्यांचा काळा बैल होता. भांडण वाढू नये म्हणून गावाने ठरवलं की पाहुण्यांना सगळ्याच जागा दाखवू. चार तासांत त्या मुलांनी अस्वलाच्या सात बैठका बघितल्या. प्रत्येक जागेवरून चाळीस पावलं चालले. एकदा नदीत गेले, एकदा कोणाच्या तरी भाताच्या कोठारात.

शेवटी गावकरी जेवायला गेले आणि ही मुलं स्वतःच्या हिमतीवर एका टेकाडावर चढली. थोड्या वेळाने बंडूभाऊंना फोन आला. बंडूभाऊ माझ्यासोबतच होते, फोन मोठ्या आवाजावर होता. मुलगी अगदी हळू बोलत होती.

"भाऊ, समोर मोहाचं झाड आहे. आणि त्याच्याखाली अस्वल आहे. खरं अस्वल. फुलं खातंय."

बंडूभाऊंनी आधी विचारायचं ते विचारलं. किती लांब आहे, वारा कोणत्या बाजूने आहे, पिल्लू आहे का. मग म्हणाले, "हलू नका. बोलू नका. त्याचं पोट भरलं की ते जाते."

"ठीक आहे," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "भाऊ, ते आता बसलं."

"बसलं काय?" बंडूभाऊंच्या आवाजात एकदम समाधान आलं. "मंग तुमी बरोबर आले. तिथून नदीकडं चाळीस पावलं."

*

चौथ्या डब्याबद्दल एका रविवारी तक्रार आली. वहीत लिहायला पेन नाही. कोणीतरी उचलून नेला असेल.

डबा बंडूभाऊंच्या गावाच्या शिवेजवळ, एका मोठ्या ऐनाच्या झाडापासून थोडा अलीकडे होता. मी गावात गेले. बंडूभाऊ घरी नव्हते, त्यांची आत्या अंगणात मोहफुलं वाळवत बसली होती. सत्तरीची असेल. घरात गोंडी बोलतात, माझ्याशी मराठीत बोलायची, जपून.

मी म्हटलं, "आत्या, त्या ऐनाजवळ पेन नाही म्हणे."

तिचा हात थांबला. "कोन म्हनते?"

"फिरायला आलेले लोक."

"त्याइले काय दिसते? तिथं पेन हाये. माह्या आज्याच्या आज्यापासून हाये."

मला वाटलं म्हातारीला ऐकू कमी येतं. "इतका जुना असेल तर चालत नसेल, आत्या. म्हणून मी नवीन आणते."

ती उठून उभी राहिली. "नवीन? बाई, नवीन पेन असा आनता येत नाई. सारा गाव बसवा लागते. सोयरे बोलवा लागते. तीन दिवस ढोल वाजवा लागते."

"एवढ्याशा गोष्टीला?" मी म्हटलं. "मी पाच घेऊन येते. निळे. एक हरवला तर दुसरा."

आत्या आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली, आणि मला खाटेवर बसवून स्वतः खाली बसली. हे जरा विचित्र वाटलं, पण मी पाणी प्यायले.

तेवढ्यात बंडूभाऊ आले. आत्या त्यांच्याशी गोंडीत बरंच काही बोलली, मधे माझ्याकडे हात केला, पाच बोटं दाखवली. बंडूभाऊ आधी गंभीर झाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुमी नेमकं काय आननार हाये?"

मी पिशवीतून बॉलपेन काढून दाखवला.

बंडूभाऊ खाली बसले. ते इतके हसले की शेजारची माणसं कुंपणापाशी आली. मग त्यांनी मला सांगितलं की गोंडीत पेन म्हणजे देव. त्या ऐनाखाली त्यांच्या कुळाचा देव आहे.

मला जमिनीत जावंसं वाटलं. मी आत्याची माफी मागितली, डबा तिथून लांब हलवते म्हणाले. बंडूभाऊंनी ते तिला सांगितलं. तिनं मान हलवली, नको, राहू दे. आणि त्यांना काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हनते, मास्तरीनबाई साधी दिसते, पन एका झाडाखाली पाच देव आनाची हिंमत आमच्या अख्ख्या गावात कोनाची झाली नाई."

*

पाचव्या डब्याचं हसू आता येतं. तेव्हा आलं नव्हतं.

नदीच्या मधोमध एक काळा दगड आहे, बैल बसल्यासारखा. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून तिथे जाता येतं. तिथल्या कपारीत मी स्टीलचा डबा ठेवला होता, क्लिपवाला, चकचकीत. आमच्या भागात रानात, दगडाच्या कपारीत असा स्टीलचा डबा दिसला की लोकांना पहिल्यांदा काय वाटतं, हे मला कळायला हवं होतं. मी इथेच वाढलेली. तरी डोक्यात आलं नाही.

वाळूत टरबुजं लावणाऱ्या एका माणसाला तो दिसला. त्याने पोलिसांना कळवलं, आणि बरोबरच केलं.

दिवाकरभाऊ आणि मी दहाच्या सुमारास घाटावर पोचलो, तर दोन्ही काठांवर गर्दी. या काठावर पोलिसांची गाडी, त्या काठावर पोलिसांची गाडी. दोरी लावलेली. आणि मधे, दगडावर, उन्हात माझा डबा चमकतोय.

दोन्हीकडचे साहेब कर्ण्यावरून बोलत होते.

"साहेब, दगड तुमच्या हद्दीत येतो."

"नाही साहेब, नकाशात नदीची मधली रेघ दगडाच्या पलीकडून जाते. तुमच्या बाजूला आहे."

"ती जुनी रेघ. नदी सरकली आता."

"नदी सरकली असेल, दगड नाही सरकला."

दोघेही अतिशय नम्र होते. दिवाकरभाऊ म्हणाले, "चला मॅडम, सांगून टाकू. जे होईन ते होईन," आणि माझ्याआधी ते पुढे झाले.

मी या काठच्या साहेबांना म्हटलं, "सर, तो डबा माझा आहे."

साहेबांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. साडी, छत्री, पाण्याची बाटली.

"आत काय आहे?"

"एक वही आहे. आणि खंड्या आहे."

साहेबांनी खिशातून डायरी काढली. "खंड्या कोण? पूर्ण नाव सांगा."

"पक्षी आहे, सर. मासे पकडतो तो. त्याचा शिक्का. मी स्लीपरवर कोरलाय."

साहेबांनी लिहिणं थांबवलं. पण नियम तो नियम. नुसत्या माझ्या शब्दावर ते कसे जातील? बॉम्बशोधक पथक आलं. एक माणूस तो जाडजूड पोशाख घालून, भर उन्हात, नदीत उतरला. दोन्ही काठांवरची माणसं मागे सरकवली. तो दगडावर चढला, आडवा झाला. मला त्या वेळी त्या माणसाच्या घरच्यांचं मनात येत होतं. माझ्या एका खेळासाठी तो उन्हात तिथे पालथा पडला होता.

बराच वेळ काही हालचाल नाही. मग साहेबांच्या वायरलेसवर आवाज आला.

"सर, वही आहे."

"अजून काय?"

"सर, वहीत लिहिलंय, इथपर्यंत आलात, अभिनंदन, आपला शिक्का मारा." थोडी खरखर. "सर, मारू का?"

साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. "मार," ते म्हणाले.

त्याने अंगठ्याला शाई लावून ठसा उमटवला आणि नाव लिहिलं. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून कर्णा वाजला. "साहेब, नकाशा पुन्हा पाहिला. दगड आमच्याच हद्दीत आहे. पहिली सही आमची व्हायला पाहिजे होती."

मी लेखी माफी दिली. दोन्हीकडे. त्यानंतर सगळ्या डब्यांच्या जागांची यादी ठाण्यात दिली आणि स्टीलचे डबे काढून टाकले. त्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या पारदर्शक बरण्या आल्या, घट्ट फिरकीच्या झाकणाच्या. आत काय आहे ते बाहेरून दिसतं, आणि पाणी शिरत नाही.

*

नऊ नंबरची बरणी सगळ्यांत शेवटी. बाराव्या किलोमीटरला, नदी वळते तिथे, अर्जुनाच्या झाडाच्या मुळात. तिथपर्यंत फार कोणी जात नाही.

दिवाकरभाऊंच्या बायको, सुमनवहिनी, एकदाच आल्या आमच्याबरोबर, त्याही हिवाळ्यात. गुडघे दुखायचे. दर किलोमीटरला विचारायच्या, "अजून किती?" आणि दिवाकरभाऊ दर किलोमीटरला म्हणायचे, "हे काय, आलंच." नऊ नंबरला पोचल्यावर त्यांनी वही मांडीवर घेतली आणि पाठ फिरवून काहीतरी लिहिलं. दिवाकरभाऊ वाकून बघायला लागले तर त्यांनी झाकण लावून टाकलं. "पुढच्या खेपेला याल तवा वाचजा."

चैत्रात वहिनी गेल्या. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी संपलं.

त्यानंतर दिवाकरभाऊ रविवारी यायचे, पण आठ नंबरवरून परत फिरायचे. ते स्वतःच म्हणायचे, "नऊले पुढच्या रविवारी जाऊ." त्यांना ते पान वाचायचं होतं, आणि वाचून संपवायचं नव्हतं, असं मला वाटायचं.

श्रावणात पूर आला. पाणी उतरल्यावर बंडूभाऊ जाऊन आले. अर्जुन उभा होता, बरणी नव्हती.

दिवाकरभाऊंना सांगायला आम्ही तिघंही गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "अख्ख्या नोकरीत माह्या हातून एक कागद हरवला नाई." आणि उठून आत गेले. त्यानंतर त्यांनी येणं बंद केलं. तीन महिने आम्ही तिघंच चालत होतो, आणि खरं सांगायचं तर त्या तीन महिन्यांत सांगण्यासारखा एकही किस्सा झाला नाही.

दिवाळी झाली आणि एका दुपारी रेखाचा फोन आला. गडचिरोलीच्या स्टँडवर एका कंडक्टरने तिच्या हातात गमछ्यात गुंडाळलेलं काहीतरी दिलं होतं. त्याला ते अहेरीच्या गाडीवाल्याने दिलं होतं, त्याला पार खाली, नदीकाठच्या टोकाच्या सिरोंच्याच्या. "मॅडम, नऊ नंबर हाये," ती म्हणाली. "म्या उघडली नाई."

संध्याकाळी आम्ही सगळे दिवाकरभाऊंच्या घरी जमलो. बरणीवर ओरखडे होते, झाकणावरची माझी अक्षरं जेमतेम वाचता येत होती: शिक्का मारून झाल्यावर डबा जिथून घेतला तिथेच ठेवावा. खाली, नागभीड.

दिवाकरभाऊंनीच झाकण फिरवलं. वहीच्या कडा दमट होत्या, पण बॉलपेनची अक्षरं शाबूत. त्यांनी पान शोधलं आणि मोठ्याने वाचलं. बहुतेक मोठ्याने वाचायचं त्यांच्या मनात नव्हतं, पोस्टातली सवय.

"आज नऊ नंबरपर्यंत आली. यांनी लय चालवलं. जागा चांगली हाये. पण इथं चहा भेटत नाई. सुमन."

मग रेखा म्हणाली, "भाऊ, खाली अजून लिवलं हाये."

खाली एक निळा अंगठा होता आणि वाकडीतिकडी अक्षरं. "डबा आमच्या डोंग्याले लागला. बाई, आमच्या घाटावर चहा भेटते, कवाबी या. झाकणावर लिवलं तसा डबा परत पाण्यात ठेवला."

पुढचं पान बंगालीत. रेखाने फोटो काढून मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतल्या एका सहकाऱ्याला पाठवला, त्याने फोनवर सांगितलं. जाळ्यात मासे आले नाहीत, हीच आली. दीदी, आमच्याकडे पण चहा आहे, दुधाचा. नियमाप्रमाणे नदीत सोडत आहोत.

त्याच्या खाली आणखी एका घाटावरचा अंगठा. त्यांच्याकडे चहाबरोबर मुरमुरेही होते. त्यांनीही बरणी नियमाप्रमाणे नदीत सोडली.

शेवटचं पान तेलुगूत होतं. तिथे रेखाच्या डेपोतला सिरोंच्याचा ड्रायव्हर कामी आला. तो फोनवर थांबत थांबत वाचत गेला.

"सिरोंच्याला स्टँडसमोर माझं चहाचं दुकान आहे. बरणी काठाला लागली. सगळ्यांनी नदीत सोडली, पण नदी वरच्या बाजूला वाहत नाही, म्हणून मी बसने पाठवते. बाईंना विचारा, चहात साखर किती घालू?"

"साखर तर वहिनीले बंदच होती नं," बंडूभाऊ हळूच म्हणाले. होती. सात वर्षं डॉक्टरांनी बंद केली होती, आणि साखरेच्या डब्याला कुलूप लावून किल्ली दिवाकरभाऊ स्वतःच्या जानव्याला बांधून फिरायचे.

दिवाकरभाऊंनी चष्मा पुसला. माझ्याकडून पेन मागून घेतला. तेलुगू ओळींच्या खाली, पोस्टातल्या त्या गोल, स्वच्छ अक्षरात त्यांनी लिहिलं: दोन चमचे.

मग झाकण घट्ट फिरवून बरणी रेखाच्या हातात दिली. "सिरोंच्याची गाडी सकाळी किती वाजता हाये?"